हे-ऑन-वाय ते भिलार

बँक हॉलिडेला कुठं जायचं ठरत नसेल, तर वेल्सच्या सीमेवरचं हे-ऑन-वाय बघून या. वस्ती दोन हजारांच्या आत. १९६२ साली इथली पॅसेंजर रेल्वे बंद झाली. त्याच वर्षी रिचर्ड बूथनं जुन्या फायर स्टेशनात जुन्या पुस्तकांचं दुकान थाटलं. एमबीएच्या वर्गात मी असा प्लॅन मांडला असता, तर सगळे हसले असते! पण बूथनं अमेरिकेतल्या बंद पडणाऱ्या ग्रंथालयांतली पुस्तकं जहाजानं आणली, दुकानं वाढत गेली. १ एप्रिल १९७७ला तर त्यानं गाव स्वतंत्र जाहीर केलं आणि स्वतः राजा झाला. थट्टाच ती, पण वर्तमानपत्रांत फुकट जाहिरात झाली.

याच गावावरून स्फूर्ती घेऊन मे २०१७मध्ये पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथं मात्र विक्री नाही. लोकांच्या घरांत मराठी पुस्तकांची कपाटं; कुणीही यावं, बसून वाचावं.

हे-च्या किल्ल्याजवळ उघड्या फळ्यांवरून माझी मुलगी इंग्रजी पुस्तकं भराभर निवडते, पैसे पेटीत टाकते. मराठी पाटीपाशी मात्र अडखळते. म्हणून या डिसेंबरात भिलारला दोन रात्री मुक्काम. आजीलाही सोबत नेतोय, जोडाक्षरं आली की तिला विचारायला.