दिनविशेष : १० मे १९४७ – विठ्ठलाचे दार उघडले

‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण सुरू केले. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, एवढीच मागणी. अस्पृश्य समाजातले संत चोखोबा यांची समाधी महाद्वारासमोर, पायरीशी. त्यांच्या जातभाईंनी तिथूनच कळसाला हात जोडून परतायचे; पांडुरंगाच्या पायांवर डोके ठेवण्याचे सुख त्यांना नव्हते. ते हक्काने मिळावे म्हणून गुरुजी आधी काही महिने गावोगाव सभा घेत फिरले होते.

सनातनी खवळले. लेखकाने धर्मात का पडावे, असा सूर निघाला. खुद्द गांधीजींनीही तारेने उपोषण थांबवायला सांगितले. ज्यांना आयुष्यभर गुरू मानले, त्यांनाच नम्रपणे नकार देणे गुरुजींना किती जड गेले असेल! पण ते हटले नाहीत, आणि त्यांचेच बरोबर होते. अखेर काँग्रेस नेते दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, मंदिराचे पुजारी बडवे राजी झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

अस्पृश्यांना असेच बंद असलेल्या महाडच्या चवदार तळ्याचे पाणी १९२७ सालीच बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले होते. पंढरीचे दार उघडायला आणखी २० वर्षे लागली.

महाडशेजारच्या माणगाव तालुक्यात, वडघरला साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे. श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या समुद्रावर निघालेल्यांनी मुलांना घेऊन तिथे जरूर थांबावे.