मोगलाई आणि इंग्रजी मुलूख : वैराग–बार्शी परिसरातून दिसणारी दोन राज्यांची अर्थस्थिती (1853–1956)

प्रस्तावना

दोन शेजारी राज्यांच्या आर्थिक प्रकृतीची तुलना करताना अभ्यासक बहुधा त्यांच्या राजधान्यांपासून सुरुवात करतात. महसूल, शिल्लक, कर्ज आणि आयात-निर्यात यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की तुलना पूर्ण झाली, असे मानले जाते. प्रस्तुत लेखात हीच तुलना सरहद्दीवरून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुका, विशेषतः बार्शी–सोलापूर रस्त्यावरील वैराग हे बाजाराचे गाव, निवडले आहे. येथून काही कोसांवर निजामाच्या हैदराबाद संस्थानाची हद्द लागत असे. जुन्या पिढीच्या बोलीत अलीकडचा भाग ‘इंग्रजी मुलूख’ आणि पलीकडचा भाग ‘मोगलाई’. दोन्हीकडची जमीन, पाऊस, ज्वारी, भाषा आणि सोयरीक एकच होती. भिन्न होते ते राज्य. त्यामुळे राज्यकारभाराचा अर्थजीवनावर नेमका किती परिणाम होतो हे तपासण्यासाठी यापेक्षा अनुकूल प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

ही तुलना वाटते तितकी सरळ नाही. बार्शीच्या भरभराटीचा मोठा हिस्सा मोगलाईच्या शेतात पिकत होता, आणि म्हणूनच दोन राज्यांचे आकडे वेगवेगळे मांडले की त्यांचा अर्थ बदलतो, हे येथे दाखवावयाचे आहे.

रिकामा खजिना आणि सात वर्षांचा इंग्रजी अंमल

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हैदराबादची आर्थिक अवस्था शोचनीय होती. महसूल गोळा करण्याचे काम मक्त्याने दिले जाई. मक्तेदार मुदतीच्या आत आपली रक्कम वसूल करण्याच्या घाईत असे, आणि रयतेच्या भवितव्याशी त्याला कर्तव्य नसे. कंटिंजंट फौजेचा खर्च थकला, कंपनी सरकारचे देणे वाढले, आणि 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब व नळदुर्ग–धाराशिवचा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी सालारजंग पहिले दिवाण झाले. 1860 च्या तहाने वऱ्हाड वगळता हे जिल्हे निजामाला परत मिळाले व सुमारे 50 लाखांचे कर्जही माफ झाले.

म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग सात वर्षे इंग्रजी अंमलाखाली होता, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. या काळात काही वर्षे नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे होता. जमिनीची मोजणी, रस्ते, तळी यांविषयी त्याने आपल्या आत्मचरित्रात विस्ताराने लिहिले आहे. स्वतःच्या कारभाराविषयी लिहिणारा अधिकारी सौम्य शब्दांत बोलत नाही, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे लागते. सात वर्षांत शेती पालटत नाही, हेही खरे. पुढे सालारजंगांनी 1865 मध्ये जिल्हाबंदी केली, मक्तेदारी मोडीत काढली, आणि 1875 नंतर मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर सर्वेक्षण सुरू झाले. गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1836 मध्ये इंदापुरात घालून दिलेली पद्धत अशा रीतीने सुमारे चार दशकांनी हद्द ओलांडून गेली.

कागदोपत्री यामुळे दोन्हीकडची रयत सारखीच झाली. प्रत्यक्षात संस्थानचा सुमारे 40 टक्के मुलूख जहागिरी आणि सर्फेखास म्हणजे निजामाच्या खाजगी मालमत्तेत होता. दिवाणी मुलखातील सुधारणा तेथे उशिरा आणि अर्धवट पोचल्या.

नाणे आणि नाका

सामान्य माणसाला दुसऱ्या राज्याची जाणीव होई ती नाण्यामुळे आणि नाक्यामुळे. मोगलाईत हाली शिक्का चाले, इकडे कलदार. 1904 नंतर हालीचा दर बराचसा स्थिरावला. त्या दराने 6 कलदार रुपयांना सुमारे 7 हाली रुपये मिळत. बाजारात माल विकून परत जाणाऱ्या शेतकऱ्याला सराफाचा बट्टा पडे. हा बट्टा कोणत्याही राज्याच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, परंतु सरहद्दीवरील बाजारात तो एक कायमचा करच होता.

दुसरी गोष्ट करोडगिरी. 1802 च्या व्यापारी तहाने हैदराबादच्या जकातीवर 5 टक्क्यांची मर्यादा आली होती, आणि पुढे दीर्घकाळ साधारण तोच दर राहिला. संस्थानच्या खजिन्याला हे उत्पन्न महत्त्वाचे होते. याच्या उलट ब्रिटिश मुलखात 1886 पासून प्राप्तिकर कायम झाला, तर मोगलाईत तो दीर्घकाळ नव्हता. म्हणजे एक राज्य व्यापाऱ्याच्या नफ्यावर हात ठेवत होते, दुसरे गाडीवरच्या पोत्यावर. नाक्यावर भरलेली रक्कम व्यापारी शेवटी खरेदीच्या भावातून वळती करून घेई. हैदराबादची शिल्लक पाहताना तिचा हा भाग कोणी दिला याचा विचार व्हावयास हवा.

बार्शीचा व्यापार कोणाचा?

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे 1860 पर्यंत सोलापुरास पोचली. बार्शी तिच्या मार्गापासून सुमारे 20 मैल दूर राहिली, तरीही कुर्डुवाडीच्या स्थानकाला ‘बार्शी रोड’ असे नाव मिळाले. येथील व्यापाराचे वजन यावरून लक्षात येते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) कापसाला आलेल्या तेजीने या व्यापाराला जोर आला. कापूस, जवस, करडई आणि धान्य घेऊन बैलगाड्या बालाघाटाच्या पठारावरून उतरत आणि बार्शी, वैराग या बाजारांत रित्या होत. यातील बराचसा माल मोगलाईतील होता.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याच्या पुढाकाराने अडीच फूट रुंदीची बार्शी लाईट रेल्वे 1897 मध्ये बार्शीपर्यंत आली. 1907 मध्ये ती तडवळ्यापर्यंत आणि 1911 मध्ये लातूरपर्यंत वाढली. हैदराबाद संस्थानाची स्वतःची रेल्वे मनमाड–नांदेड बाजूने गेली होती. उस्मानाबाद जिल्ह्याला मात्र आगगाडी मिळाली ती इंग्रजी मुलखातून, लंडनमध्ये नोंदलेल्या एका कंपनीच्या हातून.

येथे आकडेवारीचा घोटाळा उघड होतो. कळंबच्या शेतात पिकलेले जवस बार्शीच्या अडतीवर विकले गेले आणि बार्शी रोडवरून मुंबईस रवाना झाले, तर ते मुंबई इलाख्याच्या व्यापारात मोजले जाई. दलाली बार्शीला, जकात हैदराबादला, आणि उरलेले पिकवणाऱ्याला. बार्शीच्या संपन्नतेवरून इंग्रजी राज्याची आर्थिक प्रकृती ठरवणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीवरून स्वतःच्या रानातले पाणी मोजणे होय. रेल्वे पठारावर चढल्यावर तोच माल लातुरात थांबू लागला. पुढे लातूरची पेठ वाढली. बार्शीला अखेरच्या स्थानकाचा जो लाभ सुमारे दहा वर्षे मिळाला होता, तो संपला.

दुष्काळ आणि कर्ज

व्यापाराच्या बाजूने इंग्रजी मुलूख वरचढ दिसतो, रयतेच्या बाजूने तसे म्हणता येत नाही. 1876–78 च्या दुष्काळाचा तडाखा सोलापूर जिल्ह्याला इतका बसला, की 1872 ते 1881 या दोन शिरगणतींदरम्यान जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ पंचमांशाने घटली. यातील काही घट मृत्यूने झाली, काही स्थलांतराने. रेल्वे, पक्के रस्ते, एकरूखसारखा तलाव असूनही हे घडले. रोखीने आणि ठरल्या तारखेला सारा वसूल करणारी कार्यक्षम यंत्रणा अवर्षणात किती कठोर ठरते, याचा हा पुरावा होय.

कर्जाच्या बाबतीत चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. पुणे व नगर जिल्ह्यांतील 1875 च्या दंग्यांनंतर झालेला 1879 चा दख्खन शेतकरी संरक्षण कायदा पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. वैरागच्या शेतकऱ्याचा कर्जरोखा न्यायालयाला उलगडून तपासता येऊ लागला. हद्दीपलीकडच्या त्याच्या सोयऱ्याला असे संरक्षण नव्हते. कायद्याच्या धाकाने सावकाराने हात आखडता घेतला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. दिवाणी न्यायालयात जाण्याचा खर्च ज्याला परवडत नव्हता, त्याच्या लेखी दोन्ही मुलूख सारखेच.

श्रीमंत संस्थान

विसाव्या शतकात हैदराबादचा खजिना भरलेला होता. 1937 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने मीर उस्मान अली खान यांचे चित्र मुखपृष्ठावर छापून त्यांना जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हटले. उस्मानसागर, निजामसागर यांसारखी मोठी कामेही झाली, ती तेलंगणात. 1951 च्या शिरगणतीत हैदराबाद राज्याची साक्षरता 10 टक्क्यांच्या आत, तर मुंबई राज्याची 20 टक्क्यांच्या वर होती. शिलकी अंदाजपत्रक हे आर्थिक आरोग्याचे लक्षण मानणाऱ्यांनी हे दोन आकडे एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

1947–48 मध्ये सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची शिबिरे उभी राहिली, तेव्हा त्यांच्या हल्ल्याचे एक ठरलेले लक्ष्य करोडगिरीचे नाके हे होते. हिंदुस्थान सरकारने केलेली आर्थिक नाकेबंदी याच हद्दीवर जाणवली. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान संपले, परंतु नाका लगेच संपला नाही. आर्थिक एकीकरणानंतरही हैदराबादची अंतर्गत जकात संक्रमणकाळापुरती चालू ठेवण्यात आली होती. एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या गावांची अदलाबदल 1950 मध्ये झाली.

हद्द पुसल्यानंतर

1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. राजकीय सरहद्द गेली. तुलनेची सरहद्द मात्र टिकली. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या दांडेकर समितीने (अहवाल 1984) अनुशेष मोजताना जिल्हा हा घटक धरला. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, तेव्हा धाराशिव मराठवाडा मंडळात आणि बार्शी ‘उर्वरित महाराष्ट्रा’त गेली. मंडळांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली, तरी विचाराची चौकट तीच आहे. उसाच्या पश्चिम महाराष्ट्राच्या सरासरीत बसवलेला बार्शी तालुका बहुतांशी उजनीच्या कालव्यांबाहेरचा, पावसावर अवलंबून असलेला आहे. वैरागच्या शेतकऱ्याची तुलना व्हावयाची तर ती अकलूजच्या बागायतदाराशी नव्हे, हद्दीपलीकडच्या त्याच जुन्या सोयऱ्याशी व्हावयास हवी. निवडणूक आयोगाच्या नकाशात ही जवळीक शिल्लक आहे: सोलापूर जिल्ह्यातील बार्शी विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी धाराशिवमध्ये मोडतो.