उतार नसेल तर काष्टीवरून

सिद्धटेकच्या गणपतीला जायचे पूर्वी दोन रस्ते होते. दौंडहून शिरापूरला यायचं आणि होडीनं भीमा ओलांडायची, हा जवळचा. पलीकडं उतरलं की देऊळ समोरच. दुसरा दौंड-काष्टी-पेडगाव असा फिरून, जवळपास ४८ किलोमीटरचा. अष्टविनायकाच्या यात्रापुस्तकांत हा दुसरा रस्ता एका ओळीत उरकलेला असे, होडीने जायचे नसल्यास म्हणून. त्या एका ओळीत आमचं गाव येतं.

अलीकडं नगर जिल्हा, पलीकडं पुणे जिल्हा, ही वाटणी कागदावरची. सोयरिकी दोन्ही काठांना, जत्रा दोन्ही काठांच्या, आणि शनिवारच्या काष्टीच्या बाजाराला जनावरंही दोन्ही काठांची. उन्हाळ्यात नदीला उतार असायचा. कुठं गुडघाभर पाणी, कुठं कमरेएवढं, हे काठावरच्या पोरांनाही ठाऊक. उतार हा शब्द आमच्याकडं चढ-उतारातला नव्हता. 'उतार हाय का?' म्हणजे पायी जाता येईल का. उतार संपला की नाव सुरू.

नावाडी बहुतेक कोळी, कुठं भोई. काठच्या गावांकडून त्याला वर्षाला धान्य मिळे, परक्या उतारूकडून रोख पैसा. इंग्रजांनी १८६८ साली मुंबई इलाख्यासाठी फेरीचा कायदा केला आणि सरकारी उतारांचे ठेके देण्याची पद्धत रुळली. धाकट्या गावांच्या नावा मात्र आपापल्या रिवाजानं चालत राहिल्या. माणसं, पोती, शेरडं, कोकरं नावेत. बैल नावेत घेत नसत. नावेच्या कडेला बसलेला माणूस कासरा धरून असे आणि बैल शेजारून पोहत येई. पोहोणीला नवखा बैल मध्येच नावेवर चढायला बघतो, म्हणून त्याला आधी जुन्या बैलाच्या मागं घालून सवय करायची. बाजारात पलीकडच्या बैलाची किंमत करताना तो पाण्याला भितो का, हे विचारणारे म्हातारे मी पाहिलेत.

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली आणि काष्टीला स्टेशन मिळालं. दौंडजवळ भीमेवर रेल्वेचा पूल झाल्यानं आमच्यासाठी नदी बारमाही ओलांडता येऊ लागली, पण एकाच ठिकाणी. खाली पेडगाव, सिद्धटेककडच्या गावांना त्या पुलाचा उपयोग वळसा घालूनच.

त्या वळशाचा हिशेब आमच्या घरात आत्याच्या नावावर आहे. आत्या पेडगावच्या समोरच्या अंगाला दिलेली. आजी गेली ती श्रावणात, नदी दोन्ही थड्या भरून चाललेली. चुलते निरोप घेऊन काठावर गेले. नाव बांधून ठेवलेली, नावाडी म्हणाला, 'आज माझ्या बापानंबी घातली नसती.' मग पलीकडं गडी दिसेपर्यंत थांबून हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात 'आई' एवढंच पलीकडं पोचलं. बाकीचं त्यांनी ओळखलं. आत्या बैलगाडीनं दौंडला गेली, तिथून गाडीनं काष्टीला आली. ती वेशीत पोचली तेव्हा सावडून झालं होतं. पुढं ती माहेराला कधी आली की नदीबद्दल बोलायची नाही, फक्त आल्या आल्या विचारायची, 'पाणी किती हाय खाली?'

नावाड्यावर आमच्या घरात कुणी राग धरला नाही. नाही म्हणण्याचा त्याचा हक्क सगळे मानत. भाद्रपदात चतुर्थीला शिरापूरला गर्दी उसळे. नदीचा रंग बदलला, पाण्यातून काडीकचरा यायला लागला की जुने नावाडी होडी ओढून घेत. मग यात्रेकरू उलटे फिरून आमच्याकडून जात. आमच्या चहावाल्यांना सिद्धटेकची होडी बंद झाल्याचं लगेच कळायचं, कुणी सांगायला लागायचं नाही.

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. साठवण सुमारे ११७ टीएमसी. पाणी मागं दौंडच्या बाजूला सरकत आलं आणि इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंड या तालुक्यांच्या काठची नदी नदी राहिली नाही. उतार बुडाले, मळ्या बुडाल्या, गावं उठली. आमच्याकडं ऊस वाढला, हेही खरं, आणि त्या पाण्याला मी नावं ठेवणार नाही. पुढं शिरापूर-सिद्धटेक पूल झाला, यात्रेची अडचण मिटली, काष्टीच्या रस्त्याची ती ओळखही गेली. पण खाली, जिथं पाट सर्वांत रुंद आहे, तिथं पूल नव्हता. तिथली माणसं लाँच आणि होड्यांनी जात राहिली. दवाखाना, बाजार, लेकीचं घर पलीकडं आणि रस्त्यानं वळसा आमच्यापेक्षा किती तरी मोठा.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं निघालेली होडी वादळात उलटली. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुलं. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागला, म्हणून गावाला कळलं.

बातमी वाचली तेव्हा माझं लक्ष तारखेवर गेलं. वैशाखातला दिवस. आमच्या नावाड्याला वैशाखाचं भय नव्हतं. त्याचं भय श्रावण-भाद्रपदाचं, ओढीचं, पाण्याच्या रंगाचं. वैशाखात तर नदीला उतार असायचा, होडी वाळूवर उलथी घालून तिला डांबर लावायचे दिवस ते. धरणाच्या पाण्याला ओढ नाही, रंग बदलत नाही. तिथं भय वळवाच्या वाऱ्याचं. अरुंद नदीत तो वारा धूळ उडवून जायचा. मैलभर रुंद पाण्यावर तो लाटा उठवतो, आणि त्याही निघालेली होडी मध्यावर असताना. पिढ्यान् पिढ्यांनी नदीकडं पाहून जे शिकून ठेवलं होतं, त्यातलं या पाण्यावर फारसं चालत नाही. आभाळाकडं पाहून 'आज नाही' म्हणायचं नवीन शहाणपण तयार व्हायला तिथल्या माणसांना मिळालेली वर्षं चव्वेचाळीस.