डंबेल्स व बाहुव्यायाम

मुठीत मावणारा आखूड दांडा व त्याच्या दोन्ही टोकांस गोल किंवा चकतीच्या आकाराची वजने, असे डंबेल्सचे सर्वसाधारण स्वरूप असते. प्राचीन ग्रीसमध्ये लांब उडी मारणारे खेळाडू दगडाची वा धातूची हातवजने वापरीत. इंग्रजी नावाचा मूळ अर्थ ‘मुकी घंटा’ असा असून, घंटेचा दोर ओढण्याच्या श्रमाचे पण आवाज न करणाऱ्या साधनावरून ते पडले, असे मानतात. जोसेफ ॲडिसन या निबंधकाराने १७११ मध्ये अशा व्यायामाचा उल्लेख केला आहे.

महाराष्ट्रातील तालमींत जोर, बैठका, मुद्गलांची जोडी, करेल व मलखांब यांची परंपरा जुनी आहे. भारतातील इंग्रजी सैन्याने मुद्गलांचे व्यायाम उचलले व १८३४ पर्यंत ते इंग्लंडमधील व्यायामग्रंथात समाविष्ट झाले. उलट दिशेने डंबेल्स भारतात आले. यूजेन सँडो याच्या प्रयोगांमुळे व १९०४-०५ मधील त्याच्या भारत दौऱ्यामुळे त्यांचे आकर्षण वाढले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सँडोची साधने आणवून सु. दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले व त्यांचेच प्रचारक झाले. साधनांवाचून सर्वांस करता येईल असा व्यायाम हवा, की निवडक स्नायू घडविणारा, हा प्रश्न या बदलातून पुढे आला.

रत्नागिरी जिल्ह्याचा (१९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्ग जिल्हाही त्यात मोडत असे) या इतिहासाशी संबंध मुख्यतः मुंबईच्या गिरणगावामुळे येतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत गिरणीकामगारांत रत्नागिरीकरांचा वाटा सर्वांत मोठा होता. एकेका खोलीत अनेकांनी राहावयाचे, अशा वस्तीत व्यायामशाळा हे केवळ शरीर कमावण्याचे स्थान नव्हते. ओळखी, उत्सव व प्रसंगी संपाची जुळवाजुळवही तेथे होई. आखाड्यास मऊ माती व मोकळी जागा लागते. डंबेल्सना हात पसरण्यापुरती जागा पुरते. दाट वस्तीच्या शहरात हे साधन सोयीचे ठरण्याचे एक कारण हेच होय. १९८२ च्या संपानंतर गिरण्या क्रमाने बंद पडत गेल्या आणि या सामूहिक जीवनाचा आधारही खचला.

डंबेल्सच्या बाहुव्यायामांत दंडाच्या मागील त्रिशिरस्क स्नायूचा व्यायाम महत्त्वाचा आहे. कोपर सरळ करणे हे या स्नायूचे प्रमुख कार्य. त्याच्या तीन शिरांपैकी लांब शिर खांद्याच्या पात्यापासून, तर उरलेली दोन दंडाच्या हाडापासून निघतात. तिन्ही एकत्र होऊन कोपराच्या टोकाशी जोडली जातात. बसून किंवा उभे राहून डंबेल डोक्यावर धरावे, दंड कानाजवळ स्थिर ठेवावा, कोपरात हात वाकवून वजन सावकाश डोक्यामागे न्यावे व पुन्हा वर आणावे. दंड वर असल्याने लांब शिर ताणले जाते, हे या प्रकाराचे वैशिष्ट्य. वजन झेपण्यापलीकडे असल्यास कोपरे बाहेर फाकतात, कंबरेत बाक येतो व श्रम इतरत्र वाटले जातात.

जोडी फिरविताना मुद्गल डोक्यामागून पाठीवर उतरते, तेव्हाही कोपर अशाच स्थितीत येते. मात्र तेथे खांदा, मूठ व धड यांनाही एकाच वेळी काम पडते. जोरांतही हाच स्नायू छाती व खांद्यांबरोबर राबतो. डंबेल्सने तो वेगळा काढून वजन मोजून वाढविण्याची सोय केली. दुबळा राहिलेला भाग सुधारण्यास ती उपयुक्त आहे. परंतु सर्वांगाच्या मेहनतीची जागा ती घेऊ शकत नाही. म्हणून दोन्ही पद्धती परस्परपूरक मानणेच युक्त ठरते.