जर्नल यादीत आहे, पण पेपर वाचला कुणी?

मार्च २०१८. बंगळुरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या जर्नलमध्ये पाच पानांचा एक लेख आला. त्याच्या सहा लेखकांपैकी भूषण पटवर्धन आणि शुभदा नगरकर हे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले. त्यांनी केलेलं काम ऐकायला अगदी साधं वाटतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, मान्यताप्राप्त जर्नल्सची एक यादी होती. कुठल्या जर्नलमध्ये छापलेला पेपर नोकरी-बढतीसाठी धरायचा, हे त्या यादीवरून ठरायचं. यादीतली ५,६९९ जर्नल्स देशातल्या विद्यापीठांच्या शिफारशीवरून आली होती. या सहा जणांनी त्यातली १,३३६ जर्नल्स चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींत आधीच असलेली ३२७ बाजूला काढली. उरलेल्या १,००९ जर्नल्सची माहिती तपासायला घेतली. पत्ता दिलाय का? संपादकांची नावं आहेत का? नोंदणी क्रमांक खरा आहे का?

३४.५ टक्के जर्नल्स पहिल्याच पायरीवर गळाली. पत्ता, वेबसाइटचा तपशील, संपादकांची नावं, यातलं काहीतरी चुकीचं होतं किंवा नव्हतंच. आणखी ५२.३ टक्के पुढच्या पायरीवर पडली. कुणाचा नोंदणी क्रमांक चुकीचा, कुणाचा दर्जाचा दावा खोटा, तर कुणाच्या संपादकांची पात्रताच संशयास्पद. सगळं धरून ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल्स निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष निघाला.

बातम्या ८८ या आकड्याच्या झाल्या. मला त्या लेखातली दुसरीच गोष्ट जास्त अस्वस्थ करते. इतकी जर्नल्स पकडायला त्यांतला पेपर वाचून तपासायची गरजच पडली नाही. पत्ता आणि संपादक बघूनच काम भागलं. आणि ही जर्नल्स यादीत कुणी बाहेरच्यांनी घुसवली नव्हती, विद्यापीठांनीच सुचवली होती. ज्यांचं काम वाचणं आणि शिकवणं, त्यांच्याकडून हे कसं झालं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

*

जगातल्या सगळ्यात जुन्या विज्ञान जर्नल्सपैकी एक, ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’, लंडनमध्ये ६ मार्च १६६५ रोजी सुरू झालं. रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी ते स्वतःच्या खर्चाने काढलं. त्यांच्याकडे युरोपभरातून संशोधकांची पत्रं यायची, ती वाचून काय छापायचं ते तेच ठरवायचे. आज आपण ज्याला पीअर रिव्ह्यू म्हणतो, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकाराने पेपर तपासणं, ते सरसकट व्हायला फार वेळ लागला. ‘नेचर’सारख्या जर्नलनेही प्रत्येक पेपरसाठी ही तपासणी सक्तीची केली ती १९७३ मध्ये.

ती तपासणी काय करू शकते, याचा एक किस्सा भौतिकशास्त्रात प्रसिद्ध आहे. १९३६ मध्ये आइन्स्टाइन यांनी नेथन रोझन यांच्यासोबत अमेरिकेतल्या ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक पेपर पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकाकडे पाठवला आणि परीक्षकाने चूक दाखवणारी लांबलचक टिपणं लिहून दिली. आइन्स्टाइन चिडले. न विचारता पेपर दुसऱ्याला दाखवलाच कसा, म्हणून त्यांनी तो मागे घेतला. पण परीक्षकाचं, म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन यांचं, म्हणणं बरोबर होतं. पुढे पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये आला तेव्हा त्यातला निष्कर्ष बदललेला होता.

या गोष्टीत यादी नाही, गुण नाहीत, नोंदणी क्रमांकही नाही. आइन्स्टाइनचं नाव बघून न थांबता, एका माणसाने समोरचा पेपर ओळ न् ओळ वाचला, एवढंच घडलं.

पण जर्नल्स वाढत गेली तसं सगळं वाचणं कुणालाच शक्य राहिलं नाही. अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये एक कल्पना मांडली: कुठल्या पेपरचा उल्लेख पुढे कुणी कुठे केला, त्याची सूची करायची. त्यातूनच ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा आकडा पुढे आला. एखाद्या जर्नलमधल्या पेपरचा सरासरी किती वेळा उल्लेख होतो, ते तो सांगतो. कुठली जर्नल्स विकत घ्यायची हे ठरवताना ग्रंथपालाला त्याचा उपयोग होता. अमुक माणसाचा अमुक पेपर चांगला आहे का, हे त्यातून कळत नाही. तरी जगभरच्या निवड समित्या तो आकडा माणसांना लावू लागल्या, कारण आकडा बघायला पाच सेकंद लागतात आणि पेपर वाचायला एक संध्याकाळ.

*

भारतात हा प्रकार नियमांत शिरला तो २००९-१० मध्ये. २००९ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी किमान एक पेपर छापून येणं बंधनकारक झालं. २०१० मध्ये प्राध्यापकांसाठी ‘एपीआय’ आलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एपीआय म्हटलं की दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची सोय आठवते. हे एपीआय वेगळं: अकॅडेमिक परफॉर्मन्स इंडिकेटर. तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या जर्नलमध्ये पेपर आला तर १५ गुण. तशी तपासणी नसलेल्या, पण मान्यता आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन क्रमांक असलेल्या नियतकालिकात आला तर १०. इम्पॅक्ट फॅक्टर असेल तर वर आणखी गुण.

हेतू चांगला होता. वशिल्याने होणाऱ्या निवडींना काहीतरी मोजता येणारं उत्तर हवं होतं. पण आयएसएसएन म्हणजे काय, ते बघा. तो नियतकालिक ओळखण्याचा आठ अंकी क्रमांक आहे, गाडीच्या नंबर प्लेटसारखा. गाडीला नंबर आहे याचा अर्थ ब्रेक चांगले आहेत असा होत नाही. भारतात तो दिल्लीतल्या केंद्राकडून मोफत मिळतो. म्हणजे एक वेबसाइट, एक क्रमांक आणि नावात ‘इंटरनॅशनल जर्नल’ एवढ्या भांडवलावर दुकान थाटता येत होतं. गिऱ्हाईक नियमांनीच तयार करून ठेवलं होतं.

असा धंदा जगभर वाढत होता. कोलोराडोतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० मध्ये अशा प्रकाशकांना ‘प्रिडेटरी’, म्हणजे शिकारी, हे नाव दिलं. २०१३ मध्ये ‘सायन्स’साठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी सापळा लावला. दगडफुलातला एक रेणू कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतो, असा एक बनावट पेपर त्यांनी तयार केला. त्यात ढोबळ चुका मुद्दाम पेरल्या. लेखकाचं नाव खोटं, संस्था खोटी. लेखकाकडून पैसे घेऊन पेपर सर्वांना मोफत खुला करणाऱ्या ३०४ जर्नल्सकडे त्याच्या आवृत्त्या गेल्या. १५७ जर्नल्सनी तो स्वीकारला, ९८ नी नाकारला. त्यांतली सुमारे एक तृतीयांश जर्नल्स भारतातली होती. भारतातल्या ६४ नी होकार दिला, १५ नी नकार.

पैसे घेणं हाच गुन्हा आहे, असं मात्र यातून निघत नाही. ‘प्लॉस वन’ हे जर्नलही लेखकाकडून शुल्क घेतं, पण त्याने पेपर कसून तपासला आणि नाकारला. फरक वाचण्याचा होता.

२०१५ मध्ये फिनलंडमधल्या दोन संशोधकांनी या धंद्याचा आकार मांडला. अशा जर्नल्समध्ये २०१० साली सुमारे ५३ हजार लेख आले होते, २०१४ साली ४ लाख २० हजार. नमुन्यातले सुमारे ३५ टक्के लेखक भारतातले होते. ही सगळी वाढ एपीआयमुळे झाली असं म्हणता येणार नाही. पण गुणांसाठी पेपर हवा असलेला माणूस आणि पैशासाठी पेपर हवा असलेला प्रकाशक यांची गाठ आपल्याकडे नेमक्या त्याच वर्षांत पडली, हे नाकारता येत नाही.

*

२०१८-१९ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा हे वारं विद्यार्थ्यांपर्यंत पोचलं होतं. प्रत्येक प्रोजेक्ट ग्रुपने एक पेपर ‘पब्लिश’ करायचा, असं सांगण्यात आलं, कारण कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायलीत तो आकडा लागायचा. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक फिरायच्या. दोन दिवसांत स्वीकृती, चौघांच्या नावाची चार सर्टिफिकेटं, ग्रुप असेल तर सवलत. शेजारच्या ग्रुपला रात्री पाठवलेल्या पेपरचं परीक्षण सकाळी मिळालं. ते तीन शब्दांचं होतं.

आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, “पेपर राहू दे. आधी प्रोजेक्ट चालतोय का ते दाखवा.” मग त्यांनी आमचा रिपोर्ट घरी नेला आणि जवळपास प्रत्येक पानावर लाल पेनाने खुणा करून आणला. एका आलेखाशेजारी लिहिलं होतं, ‘ही रीडिंग्ज किती वेळा घेतली?’ आम्ही एकदाच घेतली होती, मग पुन्हा बसून घेतली. पेपर नाही म्हणून आमचे गुण थोडे कमी झाले. मॅडम स्वतः अॅडहॉकवर होत्या आणि त्यांच्या फायलीत पेपर कमी होते. लाल पेनाने वाचण्याला गुण देणारा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हता.

नोकरीला लागल्यावर हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसला. आमच्याकडे कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. चांगली टीम असेल तर त्यातून बग सापडतात. पण किती रिव्ह्यू केले हे मोजायला सुरुवात झाली, की लोक न वाचताच ‘ठीक वाटतंय’ लिहून बटण दाबतात. मोजमापच ध्येय झालं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं, या अर्थाचा मुद्दा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल मांडला होता. तो कोडला लागू पडतो, तसाच पेपरलाही.

*

पुन्हा यादीकडे येऊ. बोगस जर्नल्सवर उपाय म्हणून यूजीसीने २०१७ मध्ये मान्य जर्नल्सची यादी काढली. तिच्यात ३८ हजारांहून जास्त नावं होती. पुण्याचा अभ्यास आला मार्च २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. मग नवी व्यवस्था आली, ‘यूजीसी-केअर’. तिचं काम सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या केंद्राकडे सोपवलं गेलं आणि जून २०१९ पासून नवी यादी सुरू झाली. याच काळात पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा कोर्स सक्तीचा झाला.

ही यादी आधीच्यापेक्षा कितीतरी चोख होती. वर्षानुवर्षं निष्ठेने निघणाऱ्या, पण आंतरराष्ट्रीय सूचींत नसलेल्या भारतीय भाषांतल्या नियतकालिकांनाही तिच्यात दार होतं. पण बाजार तिच्याही पुढे गेला. फक्त छापील निघणारं, वेबसाइट नसलेलं एखादं जुनं नियतकालिक यादीत दिसलं, की कुणीतरी त्याच नावाची आणि त्याच आयएसएसएनची नकली वेबसाइट काढायचं आणि तिच्यावर पेपर विकायला बसायचं. केअरला चांगल्या जर्नल्सच्या यादीबरोबर अशा नकली जर्नल्सचीही माहिती द्यावी लागली. यादीतलं नाव जितकं मौल्यवान, तितकी त्याची नक्कल किफायतशीर.

२०२२ च्या नियमांत पीएच.डी.आधी पेपरची सक्ती गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीही बंद केल्याचं जाहीर केलं. आता चांगलं जर्नल कसं ओळखावं याचे मार्गदर्शक निकष आहेत आणि निर्णय विद्यापीठांनी घ्यायचा आहे. म्हणजे २०१७ मध्ये ज्यांच्या शिफारशींनी यादी बुडाली, त्यांच्याच हाती चावी परत आली आहे.

यात धोका उघड आहे. प्रत्येक विद्यापीठ आपापली छोटी यादी करेल आणि दुकानदार त्या यादीच्या दारात उभे राहतील. त्याचा फटका बसेल तो तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, एका पेपरवर दोन वर्षं घालवणाऱ्या माणसाला. त्याच्या एका पेपरसमोर दुसऱ्याचे विकत घेतलेले आठ पेपर असतील, आणि मोजणी झाली तर आठच जिंकतील.

पण एक संधीही आहे. उमेदवाराकडून त्याला स्वतःला चांगले वाटणारे मोजकेच पेपर मागवा आणि ते खरोखर वाचा, ही सूचना काही नवी नाही. त्याला ना नवं पोर्टल लागतं, ना नवी यादी. समितीतल्या प्रत्येकाची एक संध्याकाळ लागते. मुलाखतीत कुणी पेपरचं तिसरं पान उघडून “ही रीडिंग्ज किती वेळा घेतली?” असं विचारलं, तर आठ पेपर विकत घेतलेल्या माणसाकडे त्याचं उत्तर नसेल. दोन वर्षं घालवलेल्याकडे असेल, आणि कदाचित पहिल्यांदाच कुणीतरी ते विचारलं म्हणून तो जरा जास्तच बोलेल.