वल्हे, शीड आणि पंखा

गोव्याचे कदंब राजे स्वतःस ‘पश्चिमसमुद्राधीश्वर’ म्हणवीत आणि सुवर्णनाण्यांवर श्रीसप्तकोटीश्वराचे नाव कोरवीत. अशा सागरस्वामींचे हे कुलदैवत! सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी दिवाडी बेटावरील देवालय पाडल्यावर ते डिचोलीतील नार्वे येथे आले, तेही मांडवी ओलांडूनच. तेव्हा नाविकाजवळ बळे तीनच होती: वल्हे, शीड आणि भरती-ओहोटी. समुद्रावर शिडाचा मान मोठा. नदीत मात्र वारा फसवा, आणि ओहोटी विरुद्ध असली की वल्हेकऱ्याचा दम सरे. १६६८ साली शिवछत्रपतींनी नार्व्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला, तेव्हाही गती याच बळांची होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच पात्रातून डिचोलीचे लोहखनिज घेऊन बार्जी मुरगावकडे जाऊ लागल्या. त्यांचा पंखा डिझेल यंत्राने फिरतो. पण त्याचे कार्य वल्ह्याचेच. पाणी मागे लोटावे, म्हणजे नौका पुढे सरते. पंखा पाण्याखाली राहून हे अखंड करतो, एवढाच भेद. दिवाडी-नार्वे फेरीबोटही आता यंत्रावरच चालते. यंत्रामुळे वाऱ्याची प्रतीक्षा संपली. भरतीची संपली नाही. खनिजाने भरलेली बार्ज खोल बुडते, आणि उथळ जागी तिला पाणी चढण्याची वाट पाहावीच लागते.