भिवंडीची जहाजं आणि वसईचा कप्तान

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, नाहीतर 1970ची, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी पेटलेली दंगल. त्याच शिवाजी महाराजांची सुरुवातीची लढाऊ जहाजं आमच्या खाडीत बांधली गेली, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही.

1657 मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली. जहाजं बांधणारे जाणकार पोर्तुगीजांकडे होते. रुय लैतांव व्हियेगस, त्याचा मुलगा आणि सुमारे 340 माणसं कामाला लागली. जहाजं जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध आहेत, असं त्यांना सांगितलं होतं. वसईच्या कप्तानाला ते पटलं नाही. आज सिद्दीवर जाणारी जहाजं उद्या आपल्यावर येतील! त्याने व्हियेगसला फोडलं आणि सगळे काम टाकून निघून गेले. 1659 मध्ये गोव्याहून पोर्तुगालला कळवलं गेलं, की भिवंडी, कल्याण, पनवेलची जहाजं समुद्रात जाऊ न देण्याचा हुकूम दिला आहे. हुकूम पोकळ नव्हता. ठाणं आणि वसई, खाडीच्या दोन्ही वाटा त्यांच्याच हातात होत्या.

इंग्रजांना हा चाप जमला नाही. राजापूर वखारीच्या हेन्री रेव्हिंग्टनने 1660 मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरला दारूगोळा दिला, वर इंग्रजी निशाण लावून पन्हाळ्यावर स्वतः तोफा डागल्या. 1661 मध्ये महाराजांनी वखार लुटली, इंग्रजांना कैद केलं. सुरतेच्या वरिष्ठांनी दोष कैद्यांवरच ढकलला.

व्हियेगस गेला, आरमार राहिलं. पुढे दर्यासारंग आणि दौलतखान त्याचे सरदार होते.